तुरटीची लाही

वेल्ह्यात (सरकारदप्तरी आता राजगड तालुका) पहिल्या पावसात ओढ्याचं पाणी तांबडंलाल येतं. आजी हंड्यात तुरटीचा खडा चारदा फिरवायची आणि गाळ बसेपर्यंत वर झाकण ठेवायची. कुणाला तोंड आलं की त्याच खड्याचा तुकडा तव्यावर जायचा. तुरटी आधी पाघळते, मग रटरट उकळते, वाफ सोडते आणि शेवटी पांढरी, पोकळ लाही उरते. कोरड्या खड्यातून पाणी आलं कुठून, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. नेहमीच्या तुरटीच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणीच असतं, स्फटिकात बांधून ठेवलेलं. आच लागली की ते सुटतं आणि जाताना उष्णताही घेऊन जातं.

प्लास्टिकची छतं, पॅनेल, वायरी यांना आगीपासून राखणारी जी पांढरी भुकटी आज त्यातल्या त्यात निर्धोक मानतात, तिचं कूळ या तव्यापाशी येऊन मिळतं.

कूळ जुनं आहे. इ.स.पू. 87-86 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सच्या पिरियस बंदराला वेढा घातला. तिथला एक लाकडी बुरूज त्याच्या सैन्याला काही केल्या पेटवता येईना. बचाव करणाऱ्या आर्केलाउसने लाकडाला सगळीकडून तुरटी फासली होती. पुढे 1735 मध्ये ओबाडाया वाइल्ड या इंग्रजाने कापड न पेटण्यासाठी जे पेटंट घेतलं त्यात तुरटी, टाकणखार आणि हिराकस होते, म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या तीन पुड्या! 1821 मध्ये फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने नाटकगृहातल्या कापडासाठी फॉस्फेट आणि टाकणखाराचं मिश्रण सुचवलं.

मग प्लास्टिक आलं, आणि या कुळाला सवत आली.

आमच्या शेजारच्या भोरचं नाव इथे आपसूक येतं. भोर संस्थानात नोंदलेली ‘भोर इंडस्ट्रीज’ ही कंपनी पुढे पीव्हीसीचं लेदर क्लॉथ करू लागली. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, तरी नाव राहिलं. कापडाआधी तयार होणारी पीव्हीसीची कच्ची फिल्म अबकारीच्या दृष्टीने ‘माल’ ठरते का, यावरचा तिचा खटला 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. करवकील अजून तो दाखला देतात. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन, त्यामुळे ते एकटं सहसा पेट धरून राहत नाही. पण मऊ करायला त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात, आणि ते पेटतात. शिवाय जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो.

बाकीच्या प्लास्टिकांना ब्रोमीनची संयुगं घातली गेली. थोडीशी घातली तरी ज्वाला दबते, म्हणून कारखानदारांची आवडती. पण ती प्लास्टिकात स्वस्थ बसत नाहीत. धुळीत उतरतात, चरबीत साठतात. 1973 मध्ये अमेरिकेच्या मिशिगनमध्ये असल्याच एका भुकटीची पोती चुकून पशुखाद्यात गेली, आणि हजारो गुरं मारून पुरावी लागली. स्टॉकहोम करारात 2009 मध्ये यांतली काही संयुगं बंदीच्या यादीत आली. थर्मोकोलच्या इन्सुलेशनमध्ये घालायचं ब्रोमीनचंच एचबीसीडी 2013 मध्ये त्यांच्या मागोमाग गेलं.

तेव्हा पुन्हा तुरटीच्या घराण्याची आठवण झाली. अ‍ॅल्युमिनियम हे नावच तुरटीच्या लॅटिन नावावरून, ‘अल्युमेन’वरून पडलं आहे. तुरटी स्वतः प्लास्टिकात चालत नाही: पाण्यात विरघळते आणि शंभर अंशांच्या आतच पाघळते, म्हणजे यंत्रातच तिची लाही व्हायची. तिचा भाऊबंद अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड मात्र दोनशे अंशांपर्यंत दम धरतो. तो बॉक्साइटपासून काढतात. आपल्याकडे कोल्हापूरच्या राधानगरी भागात ते सापडतं. आग लागली की हा भाऊबंद वजनाच्या जवळपास 35 टक्के पाणी सोडतो आणि मागे राखेसारखा पांढरा थर धरतो. पॉलिप्रॉपिलीनसारख्या, जास्त तापमानाला घडवायच्या प्लास्टिकला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लागतं. ते तीनशेच्या पुढे सुटतं. खोट एकच, पण मोठी: ब्रोमीन चिमूटभर पुरतं, हे मात्र कधी कधी निम्म्याहून जास्त घालावं लागतं. माल जड होतो, ठिसूळ होतो.

गेल्या उन्हाळ्यात भोरला घराच्या छताचं पॅनेल बघायला गेलो होतो. आमच्या घराला गोठा लागून, गोठ्यात गवत, आणि मार्चमध्ये समोरच्या डोंगराला वणवा. म्हणून विचारलं, ‘‘आगीला कसं आहे?’’ दुकानदाराने उत्तराऐवजी लायटर काढला. पॅनेलचा तुकडा ज्योतीवर धरला, कडा काळी पडली, लायटर बाजूला घेताच ज्योत गेली. ‘‘बघा साहेब, विझलं!’’

‘‘यात घातलंय काय?’’

‘‘कंपनीचं असतं ते.’’ त्याने तुकडा काउंटरखाली टाकला आणि धूर घालवायला पंखा लावला.