पाणी बदला, पण कुठलं?

मासा आजारी पडला की नांदेड-लातूरकडचे आम्ही आधी दुकानात औषध मागतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, दगडाला अंग घासणं, एवढ्यावरून रोग ओळखता येतो. त्या परजीवीला फुके या फ्रेंच अभ्यासकानं 1876 मध्ये ‘इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस’ नाव दिलं. म्हणजे पुष्कळ लेकरांची, माशाची ऊ! मेख त्या लेकरांतच आहे. परजीवी कातडीत असतो तोवर औषध पोचत नाही. मग तो गळून तळाशी बसतो, त्याची शेकडो पिल्लं होतात आणि पोहत मासा शोधतात. औषध लागू पडतं ते त्यांनाच. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नाही, तळातला गाळ काढायचा, थोडं थोडं पाणी बदलत राहायचं.

आता 2016 चं लातूर आठवा. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. माणसं घागरी घेऊन रांगेत. काचेच्या टाकीसाठी बादली कोणत्या तोंडानं मागायची? बरं, मिळालीच तर त्यात क्लोरीन असायचा, तो कल्ले जाळतो. ती बादली दिवसभर उघडी ठेवायची, आणि घरातल्यांना सांगायचं, हिला हात लावू नका.