हरिभाऊंना लिहायला वेळ कधी मिळायचा?

मराठी कादंबरीवर संशोधन करायचं तर हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) टाळता येत नाहीत. पण आपण त्यांना फक्त कादंबरीकार म्हणून वाचतो, आणि तिथेच बरंच काही निसटतं.

हरिभाऊ पुण्यातल्या आनंदाश्रमाचं व्यवस्थापन सांभाळत. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी काढलेली ही संस्था संस्कृत हस्तलिखितं जमवून ग्रंथ छापायची. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. शिवाय पुणे नगरपालिकेचं काम होतंच. मग लेखन कधी?

हा प्रश्न रंजक आहे, पण संशोधनाचा प्रश्न वेगळा: या कामांनी त्यांच्या लेखनाचं काय केलं?

‘पण लक्षांत कोण घेतो?’ आधी ‘करमणुकी’त हप्त्याहप्त्याने आली. लेखक आणि संपादक एकच! अंक वेळेवर काढायचा तर मजकूरही वेळेवर हवा. मग आज आपल्याला जाणवणारा पाल्हाळ हा नुसता लेखकाचा स्वभाव, की दर आठवड्याला भरायच्या रकान्यांचाही परिणाम? नंतरचं पुस्तक वाचून हे कळणार नाही. जुने अंक काढून बघा. हप्ता कुठे तुटतो, शेजारी काय छापलंय, ते टिपून ठेवा.

‘कामाच्या व्यापामुळे लेखन मागे पडलं’ असं आपण सहज लिहून टाकतो. कधी ते खरंही असतं. पण इथे साप्ताहिकाचा व्याप वजा केला, तर ही कादंबरी याच रूपात उरली असती का?

म्हणून विषय ठरवताना लेखकाच्या पुस्तकांच्या यादीशेजारी त्याच्या नोकऱ्या-उद्योगांचीही यादी करा, वर्षांसकट. दोन्ही जुळवून पाहिल्या की प्रबंधाचे प्रश्न तिथेच सापडायला लागतात.