परळची प्रयोगशाळा आणि आपली मशेरी

शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहिल्या. म्हणून आमच्या पॅथॉलॉजीच्या कामाला या देशात ज्यांनी पाया घालून दिला, त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं. त्यात कागल-निपाणीच्या तंबाखूचाही संबंध येतो, तेव्हा डॉक्टर नसलेल्या मित्रमैत्रिणींनीही पान उलटू नये.

आपण शाळा सोडली तेव्हा कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. सीपीआरमध्ये कॅन्सरची शंका आली की पुढची वाट ठरलेली. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, पहाटे दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. कित्येक घरांना ही वाट पाठ आहे. तिथे उपचार होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या माणसांना कॅन्सर होतो तरी कशानं, हा प्रश्नही तिथे सुरुवातीपासून विचारला गेला आणि तो विचारणारा एक मराठी माणूस होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. होऊन ते परतले. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातही, म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो तिथे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजासाठी देणगी देताना विश्वस्तांनी एक अट घातली होती. शिकवणारे सगळे भारतीय हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. मोठ्या जागा तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या साहेबांकडे असत. ही अट नसती तर खानोलकरांच्या पिढीला स्वतःचे विभाग उभे करायला कधी मिळाले असते, याची मला शंकाच आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यांच्या स्मरणार्थ. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. हिंदुस्थानात कॅन्सर क्वचितच होतो, असा समज त्या काळी बराच पसरलेला होता. खानोलकरांनी तो मानला नाही. आलेल्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी धर्म, जात, प्रांत आणि सवयी यांप्रमाणे लावून पाहिल्या. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवरचा त्यांचा लेख १९४४ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी सहकारी सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी चालीरीतींमुळे होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं. त्यात ‘धोतराचा कॅन्सर’ आहे. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणानं तिथल्या कातडीला होणारा. ओठाच्या आत खैनी धरून ठेवणाऱ्यांचाही त्यात आहे. आम्ही पॅथॉलॉजीवाले गाठ कापून काचेखाली धरतो आणि नाव देऊन मोकळे होतो. हा माणूस रोगी काय नेसतो, गालात काय धरतो, हे आधी विचारत होता.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण माझ्या मते त्यांची खरी करामत माणसं ओळखण्यात होती.

कमल समर्थ पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं त्यांच्या मनात होतं. मुलीनं यातलं एकही केलं नाही. गणिती रणदिव्यांशी लग्न केलं आणि एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं तपासली. अशी वनस्पतीवाली मुलगी कॅन्सरच्या प्रयोगशाळेत काय कामाची, असं दुसरा कुणी म्हणाला असता. खानोलकरांनी तिला पीएच.डी.ला घेतलं. ती १९४९ मध्ये पूर्ण झाली. मग कमलताई बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेत वाढवण्याचं तंत्र शिकायला गेल्या. हेला पेशी वाढवणारी प्रयोगशाळा ती हीच. (त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या. त्यांना न विचारता घेतलेल्या. आमच्या शास्त्राला हेही सांगितलं पाहिजे.) कमलताई तिथे राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कॅन्सरवर उंदरांत काम केलं, कुष्ठरोगाच्या जंतूंवर केलं.

१९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्या वर्षापासून १९७० पर्यंत कमलताई संशोधन संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. चार वर्षं, आणि प्रभारी! तो शब्द वाचला की मी आजही थबकते. १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला.

आता आपल्या घरात येऊ. माझी आजी चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि रोज सकाळी तिची मशेरी लावायची. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच होतं. परळच्या त्याच संस्थेत पुढे डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीचे प्राण्यांवर प्रयोग केले. भाजताना तयार होणारी द्रव्यं तिला आणखी घातक करतात. ती कॅन्सर करते, हे १९८८ मध्ये छापून आलं. डॉ. रजनी भिसे यांनी विडी वळणाऱ्यांची तपासणी केली. पानाला हात लावणं हेच ज्यांचं पोट, त्यांच्या शरीरात काय काय उतरतं ते पाहिलं.

त्याआधी १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. त्यांची मागणी रास्त होती, असं मी आजही म्हणते. त्या पानावर घरं चालत होती, पोरं शिकत होती. आपल्या वर्गातल्या काहींची फी त्यातूनच भरली गेली. हे दोन्ही खरं आहे आणि मला ते एकमेकांतून वजा करता येत नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या आधी बहुधा पांढरा चट्टा येतो, किंवा तोंड पुरतं उघडत नाही. ते डोळ्यांनी दिसतं, यंत्र लागत नाही. मुंबईतून फली मेहता यांच्या तुकडीनं महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं अशीच तपासली होती. संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर मी आणि आपल्या वर्गातले दातांचे डॉक्टर जिन्याशेजारच्या खोलीत टॉर्च घेऊन बसणार आहोत. पाच मिनिटांचं काम आहे. सरांनी आणि बाईंनीही यावं, आणि मागच्या बाकावरच्यांनी आधी.