गिटारच्या नेकसाठी मेपल निवडताना : नक्षी की सरळ धागा?

इलेक्ट्रिक गिटारचा नेक बनवून घेताना नजर आधी जाते ती मेपलच्या चमकदार नक्षीवर. पण छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात हवा कोरडी असते आणि जुलैत दमट. अशा ठिकाणी आधी पाहायचा तो लाकडाचा धागा.

नक्षी कशामुळे दिसते?
मेपलचे तंतू लाटेसारखे वाढले, की रंधा मारलेल्या पृष्ठभागावर उजेड कमी-जास्त परावर्तित होतो आणि आडवे पट्टे दिसतात. ही 'फ्लेम'. गोधडीसारखे फुगवटे म्हणजे 'क्विल्ट', तर बारीक गोल डोळे म्हणजे 'बर्ड्सआय'.

धोका कुठे आहे?
नेहमीच्या जाडीच्या सहा तारांचा मिळून साधारण ४५ किलो ताण नेकवर असतो. आतला ट्रस रॉड नेकचा बाक सुधारतो, पीळ मात्र काढू शकत नाही. लाटदार तंतूंचे लाकूड सरळ तंतूंच्या लाकडाइतके ताठ नसते.

काय तपासावे?
• जात : नेकसाठी हार्ड मेपल घ्यावे. क्विल्ट बहुधा बिगलीफ मेपलमध्ये मिळते. ते मऊ असल्याने गिटारच्या बॉडीवर शोभते.
• धागा : फळी कडेने पाहावी. धागे लांबीला समांतर हवेत.
• कापणी : टोकाकडून वर्षवलये उभी दिसली, तर तो क्वार्टर-सॉन काप. तो रुंदीत कमी फुगतो-आकसतो. फ्लेमही यातच खुलते. बर्ड्सआय मात्र फ्लॅट-सॉन कापात उठून दिसते.
• ओलावा : मापकावर ६ ते ८ टक्के असावा. फळी आणल्यावर काही आठवडे घरातच ठेवावी, मग कापावी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर मेपल नव्हे, तुणीचे लाकूड वापरतात. पण लाकूड वाळलेले हवे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

फ्रेटबोर्डचे काय?
नेकवर चिकटवलेल्या या पातळ पट्टीत नक्षीची हौस कमी जोखमीत भागते. मेपल फिकट असल्याने त्यावर लॅकर हवे, नाहीतर घामाने काळे डाग पडतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते, धातूच्या फ्रेट मात्र तेवढ्याच राहतात आणि त्यांची टोके बोटांना टोचू लागतात.

पहिलाच नेक असेल, तर साधे, सरळ धाग्याचे हार्ड मेपल घ्यावे आणि नक्षी फ्रेटबोर्डपुरती ठेवावी.