ना मांस, ना चरबी

धाकट्या बहिणीच्या पहिल्या पेट स्कॅनमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंना झळाळते डाग दिसले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. या तपासणीत भरपूर साखर खाणाऱ्या पेशी उजळून दिसतात आणि कर्करोगाच्या पेशी तशाच अधाशी असतात. डॉक्टर म्हणाले, "गाठी नाहीत या. तपकिरी चरबी आहे. खोली गार होती ना?" पुढच्या खेपेला इंजेक्शनच्या आधीच तिला ब्लँकेटं पांघरली. डाग दिसले नाहीत. मी मात्र त्या चरबीचा माग काढत बसलो.

झुरिकच्या कॉनराड गेस्नरने १५५१ साली मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या पाठीतली ही ऊती नोंदवली. धड मांस नाही, धड चरबीही नाही, अशा अर्थाचे त्याचे शब्द आहेत. मार्मोट हिवाळाभर झोपतो, म्हणून पुढे तिला 'शीतनिद्रेची ग्रंथी' म्हणू लागले. तिचं काम ऊब निर्माण करण्याचं आहे, हे पक्कं व्हायला १९६० नंतरचा काळ उजाडला. तान्ह्या बाळांत ती असते हे माहीत होतं. मोठ्या माणसांत ती जवळजवळ उरत नाही, असा समज होता. स्कॅनमधले डाग कित्येकांनी स्नायूंचा ताण म्हणून सोडून दिले. २००९ साली अमेरिका, नेदरलँड्स आणि फिनलंडमधल्या तीन गटांनी एकाच नियतकालिकात ती प्रौढांतही काम करते हे दाखवलं.

या पेशींत यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. धरणाचं पाणी वीज न करता सोडून द्यावं, तशी ते ऊर्जा नुसत्या उष्णतेत घालवतं.

अशी गळती माणसांत पूर्वी औषधानं घडवून झाली आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले दारूगोळ्याचे कामगार डायनायट्रोफिनॉलने तापून मेले. १९३३ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तेच वजन उतरवायला दिलं. पेशींत ते नेमकं कसं काम करतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वजन खरंच उतरे. पण गळती साऱ्या अंगभर, आणि बंद करायला तोटी नाही. कुणाला मोतीबिंदू झाला, काही दगावले. १९३८ साली अमेरिकेत ते बाद झालं.

बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात यू-हुआ त्सेंग यांच्या गटाने २०२० साली माणसाच्या पांढऱ्या चरबीच्या मूळ पेशींतलंच यूसीपी-१चं जनुक क्रिस्परच्या साह्याने जागं केलं आणि त्या पेशी उंदरांत रोवल्या. चरबीयुक्त खाणं खाऊनही त्या उंदरांचं वजन इतरांपेक्षा कमी वाढलं. इथे गळती निदान अंगभर नाही, ठरावीक पेशींपुरती आहे. तरी अशी नवी बातमी आली की मी आधी एवढंच शोधतो: रोवलेल्या पेशी नको तेव्हा थंड कशा करायच्या, याबद्दल काही लिहिलंय का?