शब्दप्रामाण्य आणि विज्ञान : गुलाबराव महाराजांची भूमिका

परंपरेचा शब्द आणि प्रयोगाने कळलेली गोष्ट जुळत नसेल, तर मानायचे कोणाचे? वऱ्हाडात हा वाद अंगावर घेतला गुलाबराव महाराजांनी (६ जुलै १८८१–२० सप्टेंबर १९१५). चांदूर बाजारजवळच्या माधान गावच्या मोहोड या कुणबी घराण्यातले हे सत्पुरुष. तान्हेपणीच दृष्टी गेल्याने त्यांचे वाचन सगळे कानाने झाले. इतरांनी ग्रंथ वाचून दाखवायचे, महाराजांनी सांगितलेले उतरवून घ्यायचे. अशा रीतीने ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर लहानमोठे ग्रंथ झाले. डार्विन आणि स्पेन्सर हे त्यांच्या खंडनमंडनाचे विषय होते. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानणाऱ्या मधुराद्वैती (मधुरा भक्ती आणि अद्वैत यांचा मेळ घालणाऱ्या) भक्ताकडून हे अपेक्षित नसते.

त्यांचा पाया जुनाच आहे. वेद अपौरुषेय, म्हणून स्वतःप्रमाण. मात्र या परंपरेने शब्दाला मर्यादाही घातली आहे. प्रत्यक्ष व अनुमान पोचत नाहीत तिथेच श्रुतीचा अधिकार. अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण ठरत नाही, असे शंकराचार्य गीताभाष्यात बजावतात.

यहुदी धर्मात हाच पेच मौखिक तोराबाबत, म्हणजे रब्बींच्या तोंडी परंपरेबाबत, पडला. रब्बींची शिकवणही सिनाई पर्वतावरच्या साक्षात्कारातून आलेली, ही तिथली श्रद्धा. तरी तालमूद या रब्बींच्या ग्रंथातल्या ‘पेसाहीम’ या भागात सूर्य रात्री कुठे जातो यावर खल आहे. इस्रायलचे पंडित म्हणतात आकाशाच्या वरून, परके पंडित म्हणतात पृथ्वीखालून. रब्बी यहुदा हनासी परक्यांचे म्हणणे अधिक पटण्याजोगे ठरवतात आणि पुरावा देतात रात्री उष्ण लागणाऱ्या झऱ्यांचा. पुढे अठराव्या शतकात इटलीत उवांवरून वाद झाला. उवा प्रजननाने होत नाहीत असा जुना समज, म्हणून शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, त्या मारण्यास मुभा होती. नवे शोध पाहून वैद्य-रब्बी लाम्प्रोंती यांनी मारू नये असे सुचवले. त्यांचे गुरू ब्रिएल यांनी नियम हलवू दिला नाही.

महाराजांच्या मांडणीत दोन सूर आहेत. पाश्चात्त्य मतांचे दोष दाखवणारा सूर तर्काने चालतो. आधुनिक शोधांचे मूळ वेदांमध्येच आहे, हा दुसरा सूर मात्र लंगडा पडतो. त्यात वेदाची थोरवी विज्ञानाच्या दाखल्यावर ठरू लागते आणि स्वतःप्रामाण्याला तेवढीच बाधा येते. अनुयायांनी नेमका हाच सूर जास्त उचलला.

वऱ्हाडातल्याच रिद्धपूरशी जोडलेला महानुभाव पंथ वेदप्रामाण्य मानत नाही. त्याला पंथसंस्थापक चक्रधरांचे वचन प्रमाण. ती वचने केशिराजबासांनी ‘सूत्रपाठा’त लावली आणि म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्रा’साठी आठवणी गोळा केल्या. रब्बींच्या परंपरेशी वऱ्हाडात खरे साम्य इथेच दिसते. पोथ्यांत ‘हिराइसा पाठ’ अशी सांगणाऱ्याच्या नावाने पाठभेदांची नोंद राहिली, आणि पंथातला वाद विज्ञानापेक्षा अस्सल पाठ कोणता यावर अधिक झाला.