यंत्राचा परीक्षक

इ. स. १९४९ च्या जून महिन्यांतील गोष्ट. इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत ‘एडसॅक’ नांवाचा संगणक नुकताच, म्हणजे त्याच वर्षीच्या मे महिन्यांत, चालूं झाला होता. त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स हे एका गणिती समीकरणाच्या उकलीसाठीं आज्ञावली रचीत होते. त्या काळीं आज्ञा कागदाच्या फितीवर भोंकें पाडून द्याव्या लागत. भोंकें पाडण्याचें यंत्र एकीकडे व संगणक दुसरीकडे. त्यामुळें त्यांच्या जिन्यावरून खेपा चालल्या होत्या. अशाच एका खेपेंत जिन्याच्या वळणावर ते थबकले, आणि उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आतां आपल्याच चुका शोधण्यांत जाणार, ही गोष्ट त्यांना लख्ख उमगली. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केला आहे. त्या समीकरणाची एक जुनी फीत पुढें इतिहाससंशोधकांनीं तपासली, तेव्हां १२६ ओळींत सुमारें वीस चुका आढळल्या!

एवढ्या थोर शास्त्रज्ञाची ही अवस्था, मग इतरांची कथा काय? कारण उघड आहे. समंजस कारकून साहेबाच्या हुकुमांतील चूक ओळखतो आणि योग्य तेंच करतो. यंत्राला हा समंजसपणा नाहीं. तें हुकूम अक्षरशः पाळतें, आणि चुकीचा हुकूमही तितक्याच निष्ठेनें पाळतें. अशा चुकीला इंग्रजींत ‘बग’, म्हणजे किडा, असें म्हणतात. १९४७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकांत खरोखरीचा पतंग अडकलेला सांपडला व तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. हा शब्द मात्र त्याहून जुना; एडिसनच्या काळापासून तो यंत्रशास्त्रांत रुळलेला होता.

प्रारंभीं आज्ञावली ज्यानें लिहावी त्यानेंच ती तपासावी, अशी रीत होती. विद्यार्थ्यानें स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासावी, त्यांतलाच हा प्रकार. १९७९ सालीं ग्लेनफर्ड मायर्स यांनीं या विषयावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या रीतीवर नेमकें बोट ठेवलें. आज्ञावली बरोबर आहे हें दाखविण्यासाठीं परीक्षा घेऊं नये, ती कोठें चुकते हें शोधण्यासाठीं घ्यावी, हें त्यांचें सूत्र. परीक्षकाची दृष्टि बदलली कीं परीक्षेचा निकालही बदलतो, हें कोणाही शिक्षकाला सांगावयास नको.

परंतु चुका केवळ लिहिण्यांतच होतात असें नाहीं. कामाच्या क्रमांतही त्या होतात. मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेंत उतरवून घ्यावी लागते. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ च्या सुमारास एका गृहस्थांनीं एक चूक शोधण्यांत सबंध सकाळ घालविली. अखेर कळलें कीं, ती चूक त्यांनीं आधींच दुरुस्त केली होती; मात्र दुरुस्त केलेला भाग पुन्हां यंत्रभाषेंत उतरवावयाचा राहून गेला होता, आणि यंत्र जुनाच पाठ घोकीत बसलें होतें! हे गृहस्थ संतापून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलींत शिरले. त्या संतापांतून ‘मेक’ या साधनाचा जन्म झाला. कोणता भाग कशावर अवलंबून आहे हें एकदां लिहून ठेवावें. काय बदललें व काय नव्यानें करावयाचें, हें साधनानें पाहावें. या साधनाच्या लेखनांत ओळीच्या आरंभीं एक विशिष्ट कोरी जागा सोडावी लागते. ती पद्धत गैरसोयीची आहे हें फेल्डमन यांना लवकरच कळलें. परंतु तोंवर डझनभर मंडळी तें साधन वापरूं लागली होती व त्यांना त्रास देणें त्यांना बरें वाटलें नाहीं. त्या डझनभरांची भीड आज पन्नास वर्षें जगभरचे लोक पाळीत आहेत!

येथवरच्या चुकांनीं वेळ दवडला. पुढील चुकीनें प्राण घेतले. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें ‘थेरॅक-२५’ या किरणोपचाराच्या यंत्रानें सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट किरण दिले. त्यांतील कांहीं दगावले. १९८६ च्या मार्च महिन्यांत टेक्सासमधील टायलर गांवीं असा एक अपघात झाला. यंत्रनिर्मात्यांच्या तज्ज्ञांनीं तपासणी केली, दोष आढळला नाहीं, आणि यंत्र पुन्हां रुग्णांसाठीं खुलें झालें. थोड्याच दिवसांत दुसरा रुग्ण भाजला. तेव्हां तेथील पदार्थविज्ञ फ्रिट्झ हेगर यांनीं यंत्र बंद केलें आणि तें चालविणाऱ्या बाईंना समोर बसवून, त्यांनीं त्या दिवशीं काय काय केलें तें पुनःपुन्हां करून पाहिलें. अखेर गुपित उघड झालें. बाईंच्या हातून प्रथम एक अक्षर चुकीचें पडलें होतें व तें त्यांनीं चटकन दुरुस्त केलें होतें. यंत्राला आपली मांडणी करण्यास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्यांत दुरुस्ती झाली तर ती त्याच्या ध्यानींच येत नसे. तज्ज्ञांनीं यंत्र सावकाश चालवून पाहिलें, म्हणून त्यांना दोष दिसला नाहीं. रोजच्या सरावानें जिचीं बोटें चपळ झालीं होतीं, तिच्याच हातीं तो प्रकट झाला. याहून अधिक खेदाची गोष्ट अशी कीं, या आधींच्या यंत्रांत असा अनर्थ रोखणारे स्वतंत्र अडसर होते. नव्या यंत्रांत आज्ञावलीवर भरंवसा ठेवून ते काढून टाकण्यांत आले होते.

अशा अनुभवांनीं परीक्षेचें महत्त्व पटलें, पण रोज शेंकडों परीक्षा घ्याव्या कोणीं? १९९७ सालीं केंट बेक व एरिक गॅमा हे दोघे झुरिचहून अटलांटास विमानानें चालले होते. त्या प्रवासांत त्यांनीं ‘जेयुनिट’ या साधनाचा पाया घातला. परीक्षा हीच एक लहानशी आज्ञावली म्हणून लिहावयाची आणि हवी तेव्हां यंत्राकडून घेववावयाची. सर्व ठीक असल्यास हिरवी पट्टी, चुकल्यास तांबडी. एकदां लिहिलेला प्रश्न मग वाया जात नाहीं. पुढें सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची यांनीं, आपल्या चुकांमुळें सर्वांचें काम खोळंबतें व बोलणीं खावीं लागतात म्हणून, कोणीं कांहीं बदलतांच सारें जुळवून तपासणारें ‘हडसन’ हें साधन रचिलें. तेंच २०११ पासून ‘जेंकिन्स’ या नांवानें ओळखलें जातें. २००४ सालीं जेसन हगिन्स यांनीं, मनुष्याप्रमाणें पडद्यावरचीं बटणें दाबून संकेतस्थळांची परीक्षा घेणारें ‘सेलेनियम’ निर्माण केलें. त्या वेळीं या धंद्यांत ‘मर्क्युरी’ म्हणजे पारा या नांवाची एक बडी कंपनी होती, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियमचा, असा या नांवांतील विनोद! २०११ सालीं मुंबईंत स्थापन झालेली ‘ब्राउझरस्टॅक’ ही संस्था अशाच परीक्षांसाठीं निरनिराळीं उपकरणें दूरस्थ रीतीनें उपलब्ध करून देते.

या परीक्षकांसही दोष होतेच. पान पूर्ण उमटण्यापूर्वींच ते बटण दाबूं पाहत आणि ‘नापास’ म्हणून मोकळे होत. ‘लांडगा आला रे आला’ अशी खोटी हाकाटी वरचेवर झाली, म्हणजे खऱ्या लांडग्याकडेही कोणी पाहत नाहीं. २०२० सालच्या ‘प्लेराइट’सारख्या नव्या साधनांत, बटण सिद्ध होईपर्यंत थांबण्याचा संयम मुळांतच घातलेला आहे. गेल्या कांहीं वर्षांत तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें प्रश्नपत्रिकाही काढूं लागलीं आहेत. मात्र उत्तर ज्यानें लिहिलें त्यानेंच प्रश्न काढला, तर मायर्स यांचा जुना आक्षेप पुन्हां उभा राहतो.

आणि परीक्षकच चुकला तर? १९ जुलै २०२४ रोजीं ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीनें धाडलेल्या एका सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. हिंदुस्थानांतही विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले प्रवेश-कागद द्यावे लागले. ती सुधारणा तपासल्यावांचून गेली नव्हती. एका स्वयंचलित परीक्षकानें ती योग्य ठरविली होती. दोष त्या परीक्षकांतच होता, आणि सुधारणा थोड्या यंत्रांवर आजमावण्याऐवजीं एकाच वेळीं सर्वत्र गेल्यामुळें तो दोष सर्वांस भोंवला.

यावरून परीक्षक-यंत्रें निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणीं काढूं नये. न थकतां, न कंटाळतां तोच प्रश्न हजार वेळां विचारणें हें मनुष्याला साधत नाहीं. यंत्राला साधतें, आणि त्यामुळें नित्य असंख्य चुका घरांतल्या घरांत निस्तरल्या जातात. परंतु विचारावयाचा प्रश्न कोठून येतो? सरावलेल्या हाताची दुरुस्ती आठ सेकंदांच्या आंत झाली तर काय होईल, हा प्रश्न टायलर येथें कोणत्याही यंत्राला सुचला नाहीं. रोज रुग्णांच्या सन्निध काम करणारीं दोन माणसें यंत्र बंद करून शेजारीं शेजारीं बसलीं, तेव्हां तो सुचला.